आधी चिठ्ठ्या, मग तालीम!

‘पाण्यावर पथनाट्य करायचं.’ ग्रुपवर हा मेसेज पडला आणि दोन मिनिटांत अकरा अंगठे आले. विषय ठरला, टीम ठरली, दुसऱ्या दिवसापासून तालीम. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात असताना आमच्या टीमची सुरुवात अशी झाली होती.

आठवडाभरानं कळलं की अकरा जणांच्या डोक्यात किमान तीन नाटकं आहेत. लिहिणाऱ्याला धरणाखाली गेलेल्या जमिनीची गोष्ट सांगायची होती. बसवणाऱ्याला हंडा घेऊन चालणारी आई दाखवायची होती. गाणाऱ्यांना अहिराणी गाणी आणि धमाल हवी होती. मग रोज वाद, रुसवे, दोघांनी ग्रुप सोडला. शेवटी नऊ जणांनी तिन्ही नाटकं एकत्र कोंबून सादर केली. टाळ्याही पडल्या. पण नंतर शिपाईकाकांनी विचारलं, ‘‘काय सांगनं व्हतं तुमले?’’ आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

तुम्हीही आता ‘युवारंग’साठी मूकनाट्य बसवत असाल, शॉर्टफिल्म करत असाल, नाहीतर कॉलेजचं वार्षिक अंक काढत असाल. विषयावर सगळे ‘हो’ म्हणाले म्हणजे सगळ्यांना एकच दिसतंय असं नसतं. ते जुळवायला फक्त तीन तास लागतात. एक वर्ग, कोऱ्या चिठ्ठ्या, फळा आणि बंद मोबाइल, एवढं सामान पुरे.

पहिला तास गप्प बसायचा. प्रत्येकानं एकाच प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहायचं : बघणारा घरी जाताना काय घेऊन जाईल? चिठ्ठीवर नाव नको. बोलायचं का नाही? कारण सीनियर आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा, तितक्याच माणसांनी एकेकट्यानं काढलेल्या कल्पना जास्त निघाल्या आणि चांगल्याही ठरल्या. म्हणून आधी एकट्यानं लिहायचं, चर्चा नंतर.

दुसरा तास भांडायचा. सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवा. सारख्या एकत्र, वेगळ्या बाजूला. आता तुमच्या टीममध्ये किती नाटकं आहेत ते डोळ्यांनी दिसेल. वाद होऊ द्या. तो आज झाला तर दुपार जाते, प्रयोगाच्या आदल्या दिवशी झाला तर माणसं जातात. एक नियम मात्र पाळा : ‘तुझं चुकलं’ म्हणायचं नाही, ‘हे बघून प्रेक्षकाला काय वाटेल?’ एवढंच विचारायचं.

तिसरा तास ‘नको’चा. काय करायचं यावर सगळ्यांचं पटकन जमतं. खरं ठरतं ते काय करायचं नाही यावर. हे शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. पिंपळनेरकरांनो, आपल्याच साक्री तालुक्यातलं बारीपाडा आठवा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डोंगर उघडे पडले होते, पाण्याचे हाल होते. ‘जंगल वाढवू या’ याला कोण नाही म्हणणार? पण चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गाव एकत्र बसलं आणि झाड तोडायचं नाही, तोडलं तर दंड, हे गावानंच ठरवलं. घरात चूल पेटवायला लाकूड लागत असताना हे ठरवणं सोपं नव्हतं. आज तिथं चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभं आहे, बायाबापड्यांच्या रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते, आणि २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘जंगल वाढवू’ हे स्वप्न होतं. ‘तोडायचं नाही’ म्हटल्यावर ते सगळ्या गावाचं झालं.

तुमच्या फळ्यावरही अशी तीन ‘नको’ लिहा. आम्ही ती लिहिली असती तर कदाचित अशी असती : भाषण नको, हसवण्यासाठी घुसवलेलं गाणं नको, दहा मिनिटांच्या वर एक मिनिट नको. यात कुणाचं तरी आवडतं काहीतरी जाणारच. ते त्याच्यासमोर, त्याचं ऐकून घेऊन जाऊ द्या. गुपचूप कापलं की माणूस तालमीला येतो, पण मनानं येत नाही.

शेवटी एक ओळ उरली पाहिजे. ती मोठ्या अक्षरात लिहा, खाली सगळ्यांनी सह्या करा आणि तालमीच्या खोलीत लावा. पुढे ‘हा सीन ठेवायचा का?’ असा प्रश्न आला की दिग्दर्शकाच्या तोंडाकडे बघू नका, त्या ओळीकडे बघा. मध्येच ओळ बदलावीशी वाटली तर जरूर बदला, पण पुन्हा सगळ्यांना बसवून.

आणि ओळ खरंच सगळ्यांची झाली का, हे कसं कळणार? मुख्य भूमिका करणाऱ्याला विचारू नका, त्याला पाठच असते. लाइट सांभाळणाऱ्याला, कपड्यांची पिशवी उचलणारीला बाजूला घ्या आणि शिपाईकाकांचा प्रश्न विचारा. उत्तर लगेच आलं, तर बिनधास्त तालीम सुरू करा.