ओझुंच्या चौकटींतील नवी सून

१९८४ सालीं जपानांत तासाभराचा, अत्यल्प खर्चाचा एक बोलपट प्रदर्शित झाला. त्याचें नांव 'हेन्ताई काझोकु : आनिकी नो योमेसान', म्हणजे 'विकृत कुटुंब : दादाची बायको'. नांव ऐकतांच सभ्य गृहस्थानें कानांवर हात ठेवावे, अशाच जातीचा तो बोलपट. तरीहि जपानी चित्रपटांचे अभ्यासक त्याची आठवण अद्याप काढतात. २७ वर्षांच्या मासायुकी सुओ यांची दिग्दर्शक या नात्यानें ती पहिली कृति होती.

या बोलपटांची जात प्रथम समजून घेतली पाहिजे. जपानांत त्यांना 'पिंकु एइगा', गुलाबी चित्रपट, म्हणतात. १९५८ सालीं जपानी चित्रगृहांत ११२ कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. पुढें दूरचित्रवाणी घरोघर आली आणि १९६३ पर्यंत हा आंकडा निम्म्याच्याहि खालीं घसरला. मोठ्या कंपन्या हवालदिल झाल्या. लहान निर्मात्यांनीं मात्र, दूरचित्रवाणीला जें दाखवितां येत नव्हतें तेंच दाखविण्याचा धंदा १९६२ च्या सुमारास आरंभिला. एका बोलपटास ३० लक्ष येन, हा त्या दिवसांतला ठरीव खर्च. चित्रण थोडक्या दिवसांत उरकावयाचें, आवाज मागाहून भरावयाचे आणि तीन बोलपट एकाच तिकिटांत दाखवावयाचे, असा हा व्यवहार. निर्मात्याची मुख्य अट एकच : ठराविक अंतरानें शृंगाराचा प्रसंग आलाच पाहिजे. ती पाळली, कीं उरलेल्या वेळांत दिग्दर्शकानें काय करावें हें विचारावयास सहसा कोणी येत नसे.

मोठ्या कंपन्यांनीं उमेदवारांना दारें जवळजवळ बंद केल्यावर तरुणांना या गल्लींतूनच वाट काढावी लागली. योजिरो ताकिता यांनीं १९८१ सालीं येथूनच आरंभ केला. त्यांच्या 'ओकुरिबितो'ला २००९ सालीं ऑस्कर मिळालें. कियोशी कुरोसावा १९८३ सालीं येथूनच पुढें आले, आणि त्या पहिल्या बोलपटांत त्यांचे सहायक होते सुओ. दोघेहि टोकियोच्या रिक्क्यो विद्यापीठांतले, शिगेहिको हासुमी यांच्या व्याख्यानांनीं भारावलेले. हासुमींचा यासुजिरो ओझुंवरील ग्रंथ १९८३ सालचा. शिष्याचा बोलपट पुढल्याच वर्षीं आला, हा केवळ योगायोग मानणें कठीण आहे.

कारण सुओ यांनीं या अशिष्ट चौकटींत चक्क ओझुंचें घर उभें केलें. ओझुंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेहूनहि किंचित् खालीं असे आणि तो क्वचितच हले. बोलणारें पात्र समोर पाहून बोले. दोन प्रसंगांच्या मध्यें रिकामी पडवी किंवा वाळत घातलेले कपडे दिसत. सुओ यांनीं हें सारें जसेंच्या तसें घेतलें. विधुर पिता, थोरला मुलगा, त्याची नवी बायको, धाकटीं भावंडें, असें हें घर. थोरला परस्त्रीच्या नादीं लागतो, धाकट्याचें मन वहिनीवर जडतें, मुलगी देहविक्रयाच्या धंद्यांत शिरते. आणि पिता मंद स्मित करीत, हवापाण्याच्या गोष्टी बोलावयाच्या त्याच सुरांत दोन शब्द बोलतो.

ही नुसती टवाळी आहे काय? ओझुंचा १९४९ सालचा 'बान्शुन' आठवावा. सारी कथा मुलीच्या लग्नाची, पण वर एकदांहि पडद्यावर दिसत नाहीं. लग्न झालें, मुलगी गेली, बाप एकटा उरला. कथा तेथें थांबते. सुओ यांची कथा नेमकी तेथून, सून घरांत आल्यावर, सुरू होते. ओझुंनीं जें दार मर्यादेनें लोटून घेतलें, तें उघडण्याची या धंद्याची अटच होती. गुरूची शैली आणि निर्मात्याची अट यांची अशी सांगड घालणें हें थट्टेखोराचें काम नव्हे. त्याला पाठांतर लागतें. या घरांतल्या स्त्रियांच्या मनांत मात्र दिग्दर्शक फारसा डोकावत नाहीं, हा दोष झांकण्यांत अर्थ नाहीं.

पित्याचें काम रेन ओसुगी यांनीं केलें, तेव्हां त्यांचें वय अवघें ३२. यांतहि ओझुंचीच आठवण आहे : १९५३ च्या 'टोकियो मोनोगातारी'मध्यें सत्तरीचा बाप रंगविणारे चिशू र्‍यू स्वतः ४९ वर्षांचे होते. ओसुगी पुढें ताकेशी कितानोंच्या बोलपटांत नांवारूपास आले.

सुओ यांनीं मात्र दुसरा गुलाबी चित्रपट दिग्दर्शित केला नाहीं. १९९६ चा 'शॅल वुई डान्स?' जगभर गाजला. त्यांतला विवाहित कारकून नृत्य शिकविणाऱ्या तरुणीकडे ओढला जातो, पण मर्यादा सोडीत नाहीं. २००७ सालीं त्यांनीं आगगाडींतील विनयभंगाचा खोटा आळ आलेल्या तरुणाचा खटला रंगविला. आगगाडींतला विनयभंग हा गुलाबी चित्रपटांचा अगदीं ठराविक, हंशे पिकविणारा विषय; सुओ यांनीं तोच न्यायालयांत नेऊन उभा केला. जपानी सरकारनें २०११ सालीं फौजदारी न्यायपद्धतीच्या सुधारणेसाठीं समिति नेमली, तींत कायदेपंडितांच्या शेजारीं हे चित्रपट-दिग्दर्शकहि सभासद होते.