पोलादी देहातील मुले

जपानमध्ये रेखाचित्रांतून बनविलेल्या चलच्चित्रमालिकांस ‘आनिमे’ म्हणतात. त्यांतला एक प्रकार ‘मेका’ या नावाने ओळखला जातो. खुद्द जपानी भाषेत मेका म्हणजे कोणतेही यंत्र, मग ती मोटार असो वा घड्याळ. परंतु परदेशी रसिकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ आकुंचित झाला, आणि ‘माणूस आत बसून चालवितो ते प्रचंड, मनुष्याकृती यंत्र’ असा तो रूढ झाला. अशा यंत्रांची चित्रे आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर नेहमी आढळतात. पालकांचे मत ठरलेले आहे : हा सारा आदळआपटीचा आणि खेळणी खपविण्याचा उद्योग. त्या मतात तथ्य नाही असे नाही. परंतु तेवढ्यावर हा विषय संपत नाही, असे आम्हांस एका मालिकेचे आरंभीचे भाग पाहून वाटले.

ही मालिका म्हणजे ‘मोबाइल सूट गंडम : द विच फ्रॉम मर्क्युरी’, अर्थात बुध ग्रहावरची चेटकीण. तिचा पहिला भाग २ ऑक्टोबर २०२२ रोजी जपानमध्ये दाखविला गेला आणि जुलै २०२३ मध्ये चोविसाव्या भागाने ती पूर्ण झाली. येथे जे लिहिले आहे ते मात्र पूर्वरंग आणि पहिले चार भाग एवढ्यावरून बनलेले प्रथमदर्शनी मत आहे.

तिचे वेगळेपण कळण्यास थोडे मागे जावे लागेल. १९५६ मध्ये मित्सुतेरू योकोयामा यांनी ‘तेत्सुजिन २८-गो’ ही चित्रकथा सुरू केली. तेत्सुजिन म्हणजे लोहपुरुष. महायुद्धाच्या काळात जपानी सैन्यासाठी गुप्तपणे आखलेले हे यंत्र पुढे शोतारो नावाच्या मुलाच्या हाती येते, अशी ती कल्पना. मुलगा दूर उभा राहून हातातील पेटीच्या साहाय्याने त्यास हुकूम सोडतो. यंत्रास स्वतःचे बरेवाईट कळत नाही. पेटी चोराच्या हाती पडली की तोच लोहपुरुष चोराचा चाकर. १९७२ मध्ये गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने ही पेटी दूर केली. वाहनांच्या कोंडीत अडकले असता आपल्या मोटारीस हातपाय फुटावेत आणि तिने पुढच्या मोटारी ओलांडून जावे, असे नागाईंच्या मनात आले, त्यातून ही कल्पना निघाली असे सांगतात. येथे मुलगा लहानशा यानासह थेट यंत्राच्या मस्तकात जाऊन बसतो.

१९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली मूळ ‘गंडम’ मालिका आली. तीत यंत्र हे दैवी अस्त्र राहिले नाही. ते कारखान्यात घडविलेले युद्धसाहित्य झाले. त्याचा दारूगोळा संपतो, त्याची दुरुस्ती करावी लागते, आणि शत्रूच्या यंत्रातही आपल्यासारखाच भ्यालेला माणूस बसलेला असतो. त्या वेळी प्रेक्षकांस ही मालिका रुचली नाही. ५२ भागांची योजना होती, ती ४३ भागांवर गुंडाळावी लागली. पुढे पुनःप्रक्षेपणे झाली, १९८० मध्ये बांदाई कंपनीने त्या यंत्रांच्या जोडावयाच्या प्लास्टिक प्रतिकृती बाजारात आणल्या, आणि तीच मालिका जपानभर गाजली. युद्ध वाईट असे सांगणारी कथा युद्धयंत्रांची खेळणी विकून तगली, हा विरोधाभास या संपूर्ण प्रकारास आजही चिकटलेला आहे. १९९५ मधील ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ने आणखी एक पाऊल टाकले : तेथील यंत्रे चालकाच्या मज्जातंतूंशी जोडलेली असल्याने त्यांस झालेल्या जखमेची वेदना आतल्या चौदा वर्षांच्या मुलास होते.

विद्यार्थिमित्रहो, हा क्रम ध्यानात घ्या. प्रथम यंत्र दूर आणि मूल दूर. मग मूल यंत्राच्या मस्तकात. मग यंत्र मुलाच्या मज्जेत. यंत्र आणि मूल यांमधील अंतर असे पायरीपायरीने कमी होत आले आहे. ‘बुधावरची चेटकीण’ येथून पुढे निघते.

तिच्या कथेत ‘गुंड’ नावाची एक विद्या आहे. (मराठी वाचकाने या शब्दास हसू नये, तिचा हेतू सज्जनाचा आहे.) अंतराळात राहून माणसाची शरीरे खंगतात, त्यांस कृत्रिम अवयवांचा आधार द्यावा, एवढ्यासाठी कार्दो नाबो या वृद्ध विदुषीने ती विद्या रचली. पैशावाचून संशोधन चालत नाही, म्हणून तिची संस्था शस्त्रे बनविणाऱ्या कंपनीच्या आश्रयास गेली, आणि जी विद्या तुटलेल्या हाताच्या जागी हात देणारी होती ती युद्धयंत्रे चालविण्याच्या कामी आली. या यंत्रांतून माहितीचा जो लोंढा चालकाच्या देहात शिरतो तो त्याच्या प्राणांवर उठतो. हीच यंत्रे गंडम, आणि म्हणून त्यांत बसणारी स्त्री चेटकीण.

पूर्वरंगात एल्नोरा ही चालक, तिचा पती आणि त्यांची मुलगी एरिक्त हे त्या संस्थेत राहतात. मुलीचा चौथा वाढदिवस आहे. त्याच दिवशी डेलिंग रेम्ब्रान नावाचा अधिकारी या यंत्रांवर बंदी घोषित करतो. त्याचे भाषण आम्ही दोनदा ऐकले, कारण ते सहज खोडून काढता येत नाही. शस्त्राने शत्रूचा जीव घ्यावा, चालविणाऱ्याचा नव्हे. हत्येचे पाप माणसाने स्वतः वाहिले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. ऐकणारा मान डोलावतो, आणि त्याच वेळी या सद्‌गृहस्थाचे सैनिक संस्थेतील माणसांची कत्तल करीत असतात. आईच्या मांडीवर बसलेली चिमुरडी एरिक्त यंत्रास स्पर्श करते, ते यंत्र तिचे ऐकते, आणि शत्रूची याने एकामागून एक पेटतात. तिला ते वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसारखे दिसते. मागे राहिलेला पिता मरता मरता तिच्यासाठी वाढदिवसाचे गाणे म्हणतो. आदळआपट पाहावयास बसलेल्या प्रेक्षकास हे दृश्य पेलत नाही. मुलीस आपण काय केले ते कळत नाही, आईस कळते, आणि तिच्या मुद्रेवर ते दिसते.

त्यानंतरचा पहिला भाग आपणांस एकवीस वर्षे पुढे, अंतराळातील एका विद्यालयात नेतो. बुधावरून आलेली सुलेत्ता ही सतरा वर्षांची, बोलताना अडखळणारी मुलगी तेथे दाखल होते. गंडमच्या दूरचित्रवाणी मालिकांत मुलगी प्रमुख नायिका होण्याची ही पहिली वेळ. विद्यालयात विद्यार्थ्यांचे तंटे यंत्रांच्या द्वंद्वाने मिटतात, आणि जो अजिंक्य ठरेल त्यास डेलिंगची कन्या मिओरिने वधू म्हणून मिळावयाची आहे. आपल्या महाकाव्यांत अशा कन्येस ‘वीर्यशुल्का’ म्हणत. मिओरिने मात्र वरमाला घेऊन उभी राहत नाही. ती पळून जाऊ पाहते, आणि ते साधत नाही तेव्हा सुलेत्ताचे यंत्र बळकावून स्वतःच द्वंद्वात उतरते. तिचा जीव गुंतलेला आहे तो टोमॅटोच्या वाफ्यांत. ते वाण तिच्या दिवंगत आईने तयार केलेले आहे. एवढ्या पोलादात एक तांबडा टोमॅटो ठेवण्याची कल्पना ज्यांस सुचली, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. द्वंद्व मात्र डोळे दिपवून क्षणात संपते. आणि कंपन्यांची, यंत्रांची व वंशांची नावे इतक्या वेगाने कानांवर आदळतात की कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

विद्यालयातली खरी दरी पृथ्वीवरचे व अंतराळातले यांच्यामध्ये आहे. अंतराळवासी श्रीमंत, पृथ्वीवासी दरिद्री. त्यांस राहण्यास एक जुनाट जागा दिलेली, तेथे ते शेळ्या पाळतात. चौथ्या भागात परीक्षेच्या वेळी पृथ्वीवरच्या एका मुलीच्या यंत्रात मुद्दाम बिघाड केला जातो, आणि ती मुलगी सरळ ठोसा लगावते. शिक्षक या नात्याने आम्ही ठोशाचे समर्थन करणार नाही. परंतु टाळी वाजविण्याचा मोह आवरावा लागला. बुधाहून आलेल्या सुलेत्तासही सगळे गावंढळ म्हणून हसतात. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत तिसरीच भाषा बोलून वाढलेल्या आमच्या वाचकांस त्या हसण्याचा अर्थ समजावून सांगणे नको.

साहित्याच्या विद्यार्थ्यास येथे आणखी एक गंमत सापडेल. सुलेत्ताच्या यंत्राचे नाव एरियल, तिच्या मुखवटाधारी आईचे नाव प्रोस्पेरा. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील प्रोस्पेरो हा राज्य हिरावले गेलेला सरदार, आणि एरियल हे त्याने स्वातंत्र्याचे वचन देऊन राबविलेले वायुरूप भूत. नाटकातल्या एरियलास सुटका हवी असते. या एरियलास काय हवे आहे, हे पहिल्या चार भागांत कोणी विचारीत नाही. सुलेत्ता त्यास आपल्या घरचेच माणूस मानते, त्याच्याशी बोलते. आणि ज्या यंत्राने चालकाचा जीव जावयाचा, ते हिला ओरखडाही काढीत नाही.

पाहणारा मनाशी म्हणतो : ही तर पूर्वरंगातली एरिक्त, नाव बदलून आलेली. परंतु तेव्हा चार वर्षांची असलेली मुलगी एकवीस वर्षांनी पंचवीस वर्षांची व्हावयास हवी, आणि सुलेत्ताचे वय सतरा आहे. ही बेरीज इयत्ता पाचवीची आहे. तिचे उत्तर पुढच्या भागांत मिळते. आमच्या काही विद्यार्थ्यांस ते ठाऊक असून, ते आम्हांस न सांगण्याविषयी त्यांस ताकीद दिली आहे.