हाताने फिरवायची यंत्रे

फ्रान्झ रुलो (1829–1905) या जर्मन अभियंत्याने यंत्ररचना शिकवण्यासाठी बर्लिनमध्ये 800हून अधिक चालती मॉडेल्स उभी केली. पितळ आणि बिडाची, टेबलावर मावणारी. मूठ फिरवली की एकेक भाग कसा हलतो ते उघड दिसे. हा मूळ संग्रह दुसऱ्या महायुद्धात बहुतांशी नष्ट झाला. मात्र बर्लिनच्याच गुस्ताव फॉइग्ट यांच्या कारखान्यात या मॉडेल्सच्या प्रती बनत आणि विकल्या जात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 1882 मध्ये त्यांचा मोठा संच घेतला. त्यातली सुमारे 220 मॉडेल्स तिथे टिकून आहेत.

असे नमुने रुलोंच्या आधीही होते. स्वीडनच्या क्रिस्टोफर पोल्हेम (1661–1751) यांनी लाकडी नमुन्यांची ‘यांत्रिक मुळाक्षरे’ घडवली होती. त्यातले काही नमुने स्टॉकहोममध्ये पाहायला मिळतात. रुलोंचे वेगळेपण मांडणीत आहे. यंत्र वाफेवर चालते की पाण्यावर, ते दळते की कापते, हे प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले. 1875 च्या ग्रंथात त्यांनी मांडले, की यंत्र म्हणजे एकमेकांत अडकलेल्या भागांच्या जोड्यांची साखळी, आणि त्या साखळीतला एक भाग पक्का धरलेला.

पक्का भाग बदलला की यंत्रच बदलते, ही या संग्रहातली सर्वांत रंजक गोष्ट. कागल पंचतारांकित एमआयडीसीत डिझेल इंजिने तयार होतात. त्यांच्या पोटात सिलिंडर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक अशी चार भागांची साखळी असते. सिलिंडर बॉडीला पक्का, म्हणून पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक फिरतो. याच साखळीत कनेक्टिंग रॉड पक्का धरला, तर शेपर मशीनची चाल मिळते: खाचेच्या दांड्यामुळे हत्यार धातू कापताना सावकाश पुढे जाते आणि रिकामे परतताना झटकन मागे येते. परतीच्या फेरीत काम होत नाही, तेव्हा तिथे वेळ का दवडायचा! पिस्टन पक्का धरला की हातपंपाचा एक प्रकार तयार. डिप्लोमाच्या मुलांना हे फळ्यावरच्या आकृतीवरून पटवताना घाम फुटतो; मॉडेल हातात दिले तर चार फेऱ्यांत काम होते.

मॉडेल्सचे गट अक्षरांनुसार लावलेले आहेत. ‘एस’ गटात गोल फिरणाऱ्या दांड्यांपासून सरळ रेषा काढणारी यंत्रणा आहे. जेम्स वॉट यांनी 1784 मध्ये जवळपास सरळ रेषा साधली. काटेकोर सरळ रेषा पोसेलिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने 1864 मध्ये दाखवली. रुलोंच्या नावाचा त्रिकोणही प्रसिद्ध आहे. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर कंपासचे टोक ठेवून समोरच्या बाजूवर कंस काढला की तो तयार होतो. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तो कसाही फिरवा, रुंदी तीच राहते. याच गुणामुळे जवळजवळ चौकोनी भोक पाडणारे ड्रिल बनवता आले. कोपरे तेवढे किंचित गोल राहतात.

रुलो नुसते पुस्तकी पंडित नव्हते. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते परीक्षक होते. ऑटो आणि लांगेन यांचे गॅस इंजिन खडखडाट करणारे, दिसायला ओबडधोबड. गॅस किती लागतो ते मोजून पाहा, असा आग्रह रुलोंनी धरला, आणि ते इंजिन सुवर्णपदक घेऊन गेले. लांगेन त्यांचे जुने सहाध्यायी, हेही इथे नोंदवायला हवे. पण मोजमाप खोटे नव्हते: प्रतिस्पर्धी इंजिनांपेक्षा गॅस बराच कमी लागत होता. पुढे 1876 मध्ये ऑटो यांनी फोर-स्ट्रोक इंजिन उभे केले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून रुलोंनी जर्मन मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटले आणि मायदेशात गदारोळ उडवून दिला. 1881 मध्ये ते भारतातही फिरून गेले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले.

कॉर्नेलने आपल्या संग्रहाची छायाचित्रे, चालत्या मॉडेल्सच्या चित्रफिती आणि काहींच्या थ्रीडी प्रिंटरच्या फायली इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत.