नाथसागराच्या वरचा समुद्र

आम्हा संभाजीनगरकरांना सागर माहीत तो एकच, पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. ऑगस्ट उजाडला की गावभर एकच चौकशी असते, ‘जायकवाडी किती टक्के?’ वरून आवक किती, नाशिककडे पाऊस कसा, हेही ओघाने येतंच. नाशिकच्याही वर, अरबी समुद्रापर्यंत मात्र ही चौकशी सहसा जात नाही. तिथवर गेली ती एक समिती.

१९६० साली भारत सरकारने सागरी संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली. ‘इन्कॉर’ हे तिचं आद्याक्षरी नाव. मोठ्या महासागरांत हिंदी महासागराचा अभ्यास तेव्हा सर्वांत कमी झालेला होता. ती उणीव भरून काढायला आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली आणि १९६५ पर्यंत डझनभराहून अधिक देशांची चाळीसएक जहाजं या पाण्यात फिरली. त्यात भारताने काय करायचं, हे ठरवण्याचं काम समितीकडे होतं. हाताशी संशोधनासाठी बांधलेलं मोठं जहाज नव्हतं, म्हणून नौदलाची ‘आयएनएस किस्तना’ ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका कामाला लागली. कृष्णा नदीचं नाव मिरवणारी ही नौका समुद्राचं तापमान आणि क्षार मोजू लागली. जाळ्यांत सापडलेले प्लवक जीव निवडायला कोचीनला केंद्र उघडलं. हवेचा हिशेब मुंबईत, कुलाब्याच्या आंतरराष्ट्रीय हवामान केंद्रात व्हायचा.

मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा भाग हाच. हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये बाष्पाचा ताळेबंद मांडला. विषुववृत्त ओलांडून जेवढं बाष्प येतं, त्याच्या दुपटीहून अधिक पश्चिम किनारा ओलांडून आत शिरतं. मधली भर अरबी समुद्र घालतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या संशोधकांनी हे आकडे बरेच खाली आणले आणि दक्षिण गोलार्धाचा वाटा मोठा ठरवला. पण पावसाचा हिशेब समुद्रावर जाऊन करायचा असतो, ही रीत पडली ती पडलीच.

मोहीम संपली की माणसं पांगतात, वह्या कपाटात जातात. हे टाळायचं तर कायमची संस्था हवी, असा समितीचा आग्रह होता. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, एन. के. पणिक्कर पहिले संचालक. आरंभी दिल्लीत असलेली ही संस्था पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. १९७६ मध्ये तिला ‘गवेषणी’ हे जहाज मिळालं, तेही मुळात गाळ वाहणारं बार्ज. याच गवेषणीने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. त्याच वर्षी केंद्रात महासागर विकास विभाग आला. एकेकाळी समितीच्या बैठकांत ठरणाऱ्या गोष्टींना आता स्वतंत्र खातं मिळालं होतं.

तारखा शेजारी मांडल्या की गंमत वाटते. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती ऑक्टोबर १९६५ मध्ये, समुद्रमोहीम आटोपत असताना. इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं ते १९७६ मध्ये, गवेषणीच्याच वर्षी. पाणी साठवायची आणि ते कुठून येतं हे शोधायची, दोन्ही कामं एकाच काळात उभी राहिली. धरणाचा टक्का आम्हाला तोंडपाठ असतो. समितीचं नाव कुणाला आठवत नाही. पण पैठणच्या दरवाजापाशी जे पाणी मोजतात, त्याचा जमाखर्च लिहायला पहिली वही तिने उघडली होती.