आधी पिशवी, मग माणूस

स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2023 साली एक अस्वस्थ करणारं निरीक्षण मांडलं. ज्या रक्तदात्यांना पुढे आयुष्यात वारंवार मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांचं रक्त मिळालेल्या रुग्णांमध्येही तो विकार अधिक आढळला. रक्तातूनच तो पोहोचला, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण दाता, पिशवी आणि रुग्ण यांचा काही दशकांचा माग काढून असा प्रश्न विचारता आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामागे आहे ‘स्कॅनडॅट’ हा नोंदींचा साठा. त्यात स्वीडनच्या नोंदी 1968 पासूनच्या आहेत. दोन्ही देशांत प्रत्येकाला एकच कायमचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे रक्तपेढीची नोंद रुग्णालयाच्या नोंदीशी जुळते.

आपल्याकडे असा माग काढणं अवघड आहे, कारण बरंचसं रक्त शिबिरांतून येतं. मांडवात गर्दी असते, फॉर्म घाईत भरले जातात. जन्मतारखेऐवजी नुसतं वय, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी निराळं, लग्नानंतर बदललेलं नाव, मोबाइल नंबर कधी मुलाचा तर कधी मित्राचा. पुढचं शिबिर दुसऱ्या रक्तपेढीचं असलं, की तोच माणूस पुन्हा नवा दाता होतो. कोणत्या पेढीत किती साठा आहे, हे केंद्र सरकारच्या ई-रक्तकोषावर पाहता येतं. मात्र माणसाचा पूर्वेतिहास जुळवणं हे वेगळंच काम आहे.

अशा नोंदींचं डेटा वेअरहाऊस, म्हणजे अनेक ठिकाणची माहिती एकत्र ठेवणारा साठा, उभारताना सगळ्यांचे फॉर्म आधी एकसारखे करू, सगळी नावं स्वच्छ करू आणि मगच माहिती भरू, असं ठरवलं तर काम कधी सुरूच होत नाही. सोपेपणा वेगळ्या जागी आहे: तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे पहिल्याच दिवशी ठरवणं. ती ओळ दात्याची नको, एका रक्तदानाची हवी. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे होतात. प्लेटलेट साधारण 5 दिवस टिकतात, लाल पेशी योग्य द्रावणात 42 दिवस. एक पेढी रक्तदान मोजते, दुसरी घटक मोजते. दोन्ही आकडे एकत्र केले की बेरीज चुकते. आयएसबीटी 128 या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक रक्तदानाला 13 अक्षरी क्रमांक मिळतो: 5 अक्षरं संस्थेची, 2 वर्षाची, 6 अनुक्रमाची. त्याच्या आधारानं प्रत्येक घटकाचं मूळ सापडतं.

माणसाची ओळख जुळवताना डेटातज्ज्ञ डॅन लिनस्टेड यांची ‘डेटा व्हॉल्ट’ रचना उपयोगी पडते. आलेली नोंद स्रोत आणि वेळेसह जशीच्या तशी ठेवायची. दोन दाते एकच असावेत असं वाटलं तर त्यांच्यात दुवा जोडायचा, त्यावर खात्रीचं प्रमाण लिहायचं, पण नोंदी एकमेकांत मिसळायच्या नाहीत. याबाबत मी आग्रही आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या प्रत्येक रक्तदानाला बंधनकारक आहेत. चुकीच्या जुळणीमुळे एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर गेला, तर निरोगी माणसावर विनाकारण डाग लागतो. खरा अहवाल हरवला, तर ज्याला थांबवायला हवं तो पुढच्या शिबिरात रक्त देतो. म्हणूनच हे अहवाल वेगळ्या कोठ्यात, मोजक्याच लोकांना दिसतील असे ठेवायला हवेत.

सुरुवातीला जिल्ह्यातल्या पेढ्यांनी पिशवीचा क्रमांक, तारीख, घटक आणि तो कुठे गेला, हे चार रकाने सारखे ठेवले तरी पुष्कळ झालं. मे महिन्यात आणि दिवाळीत महाविद्यालयं बंद असतात, शिबिरं कमी होतात. त्या आठवड्यांत कोणत्या तालुक्यात प्लेटलेट कमी पोहोचले आणि शेजारच्या पेढीत त्याच वेळी किती पिशव्या मुदत संपून टाकाव्या लागल्या, याचं उत्तर एवढ्यावरही मिळू लागतं.