आधीं विचारावें, मग शिकवावें

शिकविणाऱ्या मनुष्याला एक जुनी खोड असते. आपण जें सांगितलें तें समोरच्याला कळलें, आणि जें कळलें तें त्यानें आचरणांत आणलें, असें तो धरून चालतो. शाळेंत ही खोड परीक्षेच्या दिवशीं उघडी पडते. पण जेथें परीक्षाच होत नाहीं तेथें ती वर्षानुवर्षें झांकून राहते. आईबापांना बालसंगोपनाचे धडे देणें आणि ते धडे देणाऱ्या परिचारिका व आरोग्यसेविका तयार करणें, हीं दोन कामें फार दिवस अशाच विनापरीक्षेच्या प्रांतांत होतीं. व्याख्यान झालें, पत्रकें वांटलीं, भिंतीवर चित्रें लाविलीं, कीं कर्तव्य संपलें! पुढें मूल आजारी पडलें तेव्हां त्या घरांत प्रत्यक्ष काय घडलें, हें विचारावयास कोणी जात नसे. हें विचारावयास जाणें म्हणजेच पाहणी. शिकणाऱ्याच्या आधीं शिकविणाऱ्यालाच पाहणी कशी शहाणें करून सोडते, याचें एक बोधप्रद उदाहरण शेजारच्या बांगलादेशांत घडलें आहे.

तें समजण्यासाठीं प्रथम रोगाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुलाबांनीं मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. हें पाणी तोंडावाटें भरून काढतां येतें. आतडें रोगानें बिघडलेलें असलें तरी साखर व मीठ हीं योग्य प्रमाणांत एकत्र आलीं म्हणजे तें दोहोंना शोषून घेतें, आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि शोषलें जातें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतांत आले तेव्हां बनगांव येथें पटकीची सांथ उसळली. शिरेंतून देण्याचें द्रव अपुरें पडूं लागलें. त्या वेळीं डॉ. दिलीप महालनवीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें पाणी पिंपांत भरून ठेविलें आणि रोग्यांच्या नातलगांनाच तें पाजावयास लाविलें. जेथें शेंकडा तीसच्या आसपास रोगी दगावत होते, तेथें तें प्रमाण शेंकडा चारांच्याहि खालीं आलें. आपल्याकडे ज्याला जलसंजीवनी म्हणतात तें हेंच पाणी.

औषध असें सिद्ध झालें. पण तें लाखों घरांच्या चुलीपर्यंत कसें पोंचावें? बांगलादेशांत फजल हसन आबेद यांनीं १९७२ सालीं स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेनें १९८० सालीं हें काम देशभर हातीं घेतलें. त्या काळीं तयार पुड्या खेड्यापाड्यांतून मिळण्यासारख्या नव्हत्या. म्हणून घरांत असेल त्यावरच भागवावयाचें ठरलें. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हें त्याचें माप. आरोग्यसेविकांच्या तुकड्या गांवोगांव हिंडत. सेविका घरीं जाऊन आईशेजारीं बसे, रोगाचीं लक्षणें व उपचार यांविषयींचे ठराविक दहा मुद्दे तिला समजावून सांगे आणि तिच्याच हातून पाणी तयार करवून घेई. १९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत हा धडा दिला गेला.

या उपक्रमाचें खरें वैशिष्ट्य मात्र धडा देऊन झाल्यावर सुरू होई. सुमारें महिन्याभरानें एक निराळाच तपासनीस गांवांत येई. शिकविलेल्या घरांपैकीं कांहीं घरें, चिठ्ठ्या उचलाव्या त्याप्रमाणें, तो निवडी. तेथील आईला ते दहा मुद्दे विचारी आणि तिला पाणी करून दाखविण्यास सांगे. त्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेंत तपासले जात, कारण मिठाचें प्रमाण वाढलें तर औषधच अपायकारक होतें. यांत सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, सेविकेचा मेहनताना या उत्तरांवर अवलंबून असे. किती घरें केलीं याला मोल नव्हतें. महिन्याभरानें आईला किती आठवतें, याला होतें. परीक्षा आईची, पण गुण मिळावयाचे ते शिकविणारीला! पाठ्यपद्धति सुधारण्यास याहून सरळ उपाय क्वचितच सुचेल.

परीक्षेचा निकाल चांगला लागला. आयांना मुद्दे आठवत होते, पाणीहि पुष्कळ अंशीं बरोबर करतां येत होतें. एखादी संस्था येथेंच समाधान मानून थांबली असती. पण ब्रॅकच्या माणसांनीं पुढचा प्रश्न विचारला: मूल आजारी पडलें तेव्हां हें पाणी त्याला पाजलें काय? या प्रश्नाचें उत्तर मन खिन्न करणारें निघालें. आरंभींच्या काळांत जुलाबांच्या दहा प्रसंगांपैकीं एका प्रसंगींहि तें पाजलें जात नव्हतें. ज्ञान होतें, हात तयार होता, आणि तरीहि मूल पाण्यावांचून तळमळत होतें.

असें कां व्हावें? ‘अडाणी बायका, दुसरें काय!’ असें म्हणून हात झटकणें सोपें होतें. तसें न करितां अधिक खोल चौकशी करण्यांत आली, तेव्हां दोष शिकणाऱ्यांत नसून शिकवणींत आहे असें दिसून आलें.

पहिला दोष एका शब्दाचा. सेविका आपल्या धड्यांत ‘डायरिया’ हा शब्द योजीत. पण तेथील ग्रामीण बोलींत जुलाबांना एकच नांव नाहीं. आईच्या दुधाच्या दोषानें होतात असे मानलेले ते ‘दूध हागा’, खाल्लेलें न पचल्यामुळें होणारे ‘अजीर्ण’, आंव पडते ती ‘आमाशा’. आणि पटकीसारखे पाण्याप्रमाणें होणारे जुलाब तेवढे ‘डायरिया’. हे शेवटचे जुलाब थोड्याच वेळां होत. आयांनीं धडा अक्षरशः पाळला होता. बाईंनीं सांगितलें तें डायरियासाठीं. या मुलाला तर अजीर्ण झालें आहे! चूक असलीच तर ती त्या धड्याच्या शब्दांत होती. मराठी घरांतहि हें सहज ध्यानांत येईल. जुलाब, हगवण, अतिसार, आंव हे शब्द एकाच अर्थानें घेतले जात नाहींत. आणि ‘दांत येत आहेत, त्याचें पोट बिघडायचेंच’ असें म्हणून सोडून दिलेले जुलाब पुष्कळ घरांत आजारांत मोजलेच जात नाहींत.

दुसरा दोष अधिक नाजूक होता. खुद्द सेविकांना विचारण्यांत आलें कीं, तुमचें पोट बिघडलें तर तुम्ही काय घेतां? त्यांपैकीं बऱ्याच जणी गोळ्या-औषधें घेत असल्याचें आढळलें. गुळामिठाच्या पाण्यानें रोगी वांचतो यावर शिकविणारीचाच विश्वास नव्हता. ती पाठ केलेलें म्हणून दाखवी, आणि ऐकणारीला तें ओळखूं येई. जें बोलणाऱ्याच्या मनांत नाहीं तें ऐकणाऱ्याच्या मनांत उतरत नाहीं, हा अनुभव प्रत्येक शाळेंत येतो. येथें त्याची किंमत मुलांच्या जिवानें मोजली जात होती.

तिसरा दोष घरांतील पुरुषांना वगळल्याचा. शिकवणी बायकांची म्हणून बायकांपुरतीच ठेवली होती. पण मूल आजारी पडलें म्हणजे डॉक्टर आणावयाचा कीं घरचा उपाय करावयाचा, हें ठरवी बाप किंवा आजोबा. त्यांना कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें; साहजिकच या पाण्याविषयीं त्यांचें मन साशंक होतें.

या तिन्ही गोष्टी पाहणीनें सांगितल्या, आणि त्यांप्रमाणें अभ्यासक्रम बदलला. धड्यांत लोकांच्या बोलींतील सर्व प्रकारच्या जुलाबांचीं नांवें आलीं. सेविकांना नुसता पाठ न देतां आतड्यांत मीठ, साखर व पाणी यांचें काय होतें हें शास्त्र समजावून देण्यांत आलें. पटकीच्या रुग्णालयांत नेऊन मलूल पडलेला रोगी घोटघोट पाण्यानें कसा उठून बसतो, हें त्यांना डोळ्यांनीं दाखविण्यांत आलें. पुरुषांसाठीं बाजारांत, मशिदींत व शाळांत सभा होऊं लागल्या. मग वापर वाढत गेला. जुलाब झालेल्या मुलाला तोंडावाटें असें पाणी देण्यांत बांगलादेश आज जगांतील अग्रेसर देशांत गणला जातो.

यावरून पाहणी म्हणजे निव्वळ शिरगणती नव्हे, हें ध्यानांत येईल. तिलाहि शास्त्र आहे. रस्त्यालगतचीं, ओळखीचीं, बोलक्या माणसांचीं तेवढीं घरें निवडलीं तर उत्तर गोड येतें, पण खरें येत नाहीं. प्रश्नाची ठेवणहि तितकीच महत्त्वाची. ‘जुलाब होत असतांना तुम्ही मुलाला पाणी देतां ना?’ असें विचारलें तर कोणतीहि आई ‘होय’च म्हणेल. ‘मागल्या खेपेस मूल आजारी पडलें तेव्हां पहिल्या दिवशीं त्याला काय काय दिलें?’ असें विचारलें म्हणजे खरी हकीगत बाहेर येते. शिवाय जिनें शिकविलें तिनेंच विचारूं नये. कारण तिला खूष करण्यासाठीं तरी लोक बरें तेंच सांगतात.

खेड्यांतील निरक्षर आयांच्या या गोष्टीशीं सुशिक्षितांचा काय संबंध, असें कोणास वाटेल. पण सुशिक्षितांच्या देशांतील पाहण्या कांहीं निराळें सांगत नाहींत. अमेरिकेंत डॉ. बार्टन श्मिट यांनीं ८१ पालकांना मुलांच्या तापाविषयीं विचारून त्याचा निष्कर्ष १९८० सालीं प्रसिद्ध केला. १०४ अंश किंवा त्याहून कमी तापानेंहि मेंदूला इजा होते असें निम्म्याहून अधिक पालकांना वाटत होतें. वस्तुतः एवढ्या तापानें मेंदू बिघडत नाहीं. ताप हा बहुधा शरीराच्या प्रतिकाराचा भाग असतो, आणि थर्मामीटरच्या आंकड्याहून मूल हुशारींत आहे कीं नाहीं, पितें कीं नाहीं, हें अधिक पाहावयाचें असतें. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला ताप आला तर मात्र विलंब न करितां डॉक्टरांना दाखविलेंच पाहिजे. पुढें २००१ सालीं बाल्टिमोर येथील ३४० पालकांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. वीस वर्षें लोटलीं तरी भीति जशीच्या तशी होती. शेंकडा ८५ पालक झोंपलेल्या मुलाला उठवून तापाचें औषध पाजीत, आणि चौथा हिस्सा पालक तर पारा १०० अंशांपर्यंत पोंचण्यापूर्वींच तें देत. यांतील जवळजवळ निम्म्यांनीं आपल्या माहितीचें मुख्य साधन म्हणून डॉक्टरांचेंच नांव सांगितलें होतें! १९९२ सालीं मॅसॅच्युसेट्समधील बालरोगतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तींत त्यांच्यापैकींहि पुष्कळांना ताप हाच धोक्याचा वाटत असल्याचें दिसलें होतें. बांगलादेशांतील सेविकांची गोष्ट येथें पुन्हा आठवते. पालकांचा गैरसमज दूर करावयाचा तर आरंभ वैद्यक व शुश्रूषेच्या वर्गांतूनच केला पाहिजे.

भारतांत १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होत आलें आहे. त्याचें केंद्र मुंबईंतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेंत आहे. सर्वेक्षणापूर्वींच्या दोन आठवड्यांत ज्यांना जुलाब झाले अशा पांच वर्षांखालील मुलांपैकीं जलसंजीवनीची पुडी कितींना मिळाली, हें त्यांत विचारलें जातें. २००५-०६ मध्यें शेंकडा २६ मुलांना ती मिळाली होती. २०१९-२१ मध्यें शेंकडा ६१ च्या आसपास मुलांना. प्रगति स्पष्ट आहे. पण दर पांच मुलांपैकीं जवळजवळ दोन मुलें अजून वंचित राहिलीं होतीं, हेंहि तितकेंच स्पष्ट आहे. जुलाब थांबल्यावरहि मिळून चौदा दिवस द्यावयाच्या झिंकच्या गोळ्या तर तिघांतल्या एकालाहि मिळाल्या नव्हत्या. एकाच रोगाच्या धड्यांतील एक अर्धा लोकांपर्यंत पोंचला आणि दुसरा मागें राहिला, हें आंकडे सांगतात. तो कां मागें राहिला, हें घराघरांत जाऊन विचारल्यावांचून कळणार नाहीं.

परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला यांतून घेण्यासारखा धडा एकच आहे. शरीरशास्त्र, औषधें, मात्रा हें सर्व त्यांत असावेंच. पण त्याबरोबर प्रश्न कसा विचारावा, उत्तर मध्यें न तोडतां कसें ऐकावें, आणि आपण शिकविलेलें महिन्याभरानें कसें तपासावें, हेंहि असावें. समोरच्या आईच्या बोलींत त्या आजाराला काय म्हणतात, औषध आणावयाचा निर्णय घरांत कोण घेतें, हें जिला ठाऊक नाहीं तिचें उत्तम ज्ञानहि उंबरठ्यावरच थांबतें.

राहतां राहिला घरांतील माणसांचा भाग. पाहणी करणारी एखादी बाई वही घेऊन दाराशीं येते तेव्हां तिला वाटेला लावावें, किंवा आपलें घर शहाणें दिसावें म्हणून कांहीं तरी बरें सांगून टाकावें, असा मोह होतो. त्या वेळीं एवढें आठवावें कीं, ‘मूल आजारी होतें तेव्हां तें पाणी दिलें नाहीं’ असें प्रांजळपणें सांगणाऱ्या आयांमुळेंच बांगलादेशचा धडा सुधारला. त्यांनीं संकोचानें ‘दिलें’ म्हणून सांगितलें असतें तर तीच शिकवणी तशीच चालू राहिली असती, आणि मुलेंहि तशींच दगावत राहिलीं असतीं.