सहारा चषक : त्रयस्थ मैदानावरची तीन वर्षांची मैत्री

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सामने एकेकाळी थेट कॅनडात का रंगत होते, असा प्रश्न आजच्या तरुण क्रिकेटरसिकांना पडू शकेल. १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षे, दर सप्टेंबरमध्ये, टोरांटो येथे या दोन संघांत पाच एकदिवसीय सामन्यांची मालिका खेळवली गेली. ‘सहारा चषक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या स्पर्धेच्या अधिकृत नावात ‘फ्रेंडशिप’ हा शब्दही होता.

या मैत्रीला परक्या भूमीचा आसरा घ्यावा लागला, त्याची कारणे मायदेशातच होती. १९८९-९० मधील पाकिस्तान दौऱ्यानंतर उभय देशांतील कसोटी मालिका थांबल्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईत वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा नियोजित भारत दौरा रद्द झाला. शारजातील सामने तेवढे सुरू होते. टोरांटोची निवड मात्र केवळ तटस्थतेसाठी नव्हती. तेथे सकाळी सुरू होणारा सामना भारतात ऐन संध्याकाळी, घराघरांत दूरचित्रवाणी संच सुरू असताना दिसे. टोरांटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबच्या छोटेखानी मैदानावर किती प्रेक्षक मावतात, याला त्यामुळे फारसे महत्त्व नव्हते. खरा प्रेक्षकवर्ग सातासमुद्रापार होता.

पहिल्या वर्षी सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील भारताने सलामीचा सामना आठ गडी राखून जिंकला. चार सामन्यांअखेर २-२ अशी बरोबरी असताना निर्णायक लढतीत वसीम अक्रमच्या पाकिस्तानने ५२ धावांनी बाजी मारली.

१९९७ ची मालिका मात्र सौरव गांगुलीची. फलंदाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूने मध्यमगती गोलंदाजीवर १५ बळी टिपले, शिवाय २२२ धावा केल्या आणि सलग चार सामन्यांत सामनावीराचा बहुमान पटकावला. एका सामन्यात तर त्याने अवघ्या १६ धावांत पाच गडी बाद केले. भारताने मालिका ४-१ अशी जिंकली. याच मालिकेत ध्वनिवर्धकावरून खिजवणाऱ्या एका प्रेक्षकाच्या अंगावर इंझमाम-उल-हक बॅट घेऊन धावून गेला. खेळ थांबला आणि इंझमामवर दोन सामन्यांची बंदी आली. चषकाच्या नावातील मैत्रीची याहून मोठी थट्टा कोणती?

१९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत क्रिकेटचा समावेश झाला आणि भारताला एकाच वेळी दोन संघ उतरवावे लागले. तेंडुलकर, कुंबळे मलेशियात, तर अझरुद्दीनच्या नेतृत्वाखालील संघ टोरांटोत. ही कसरत अंगाशी आली. पाकिस्तानने ४-१ असा विजय मिळवला. तीन वर्षांतील निकाली १५ सामन्यांचा हिशेब पाकिस्तान आठ, भारत सात असा राहिला.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले. त्या सप्टेंबरमध्ये दोन्ही संघ टोरांटोला गेले खरे, पण एकमेकांशी खेळले नाहीत. दोघांनीही वेस्ट इंडिजशी स्वतंत्रपणे तीन-तीन सामने खेळून परतीची वाट धरली. पुढे २००१ मध्ये केंद्र सरकारने शारजा, सिंगापूर, टोरांटो यांसारख्या ठिकाणी पाकिस्तानशी खेळण्यास भारतीय संघाला मनाई केली आणि सहारा चषकाच्या पुनरुज्जीवनाची उरलीसुरली आशा मावळली. मैदान तटस्थ असले तरी त्यावर उतरण्याची परवानगी दिल्लीतूनच यायची होती.

२००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा त्रयस्थ मैदानाची गरज संपल्यासारखे वाटले होते. प्रत्यक्षात २०१२-१३ नंतर उभय देशांत एकही द्विपक्षीय मालिका झालेली नाही. जून २०२४ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकात हे संघ न्यूयॉर्कजवळ भेटले, तेव्हा उत्तर अमेरिकेतील सकाळ आणि भारतातील संध्याकाळ हे टोरांटोचे जुनेच गणित पुन्हा मांडले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२७ पर्यंतच्या आपल्या स्पर्धांसाठी, यजमान भारत असो वा पाकिस्तान, या दोघांतील सामने तटस्थ ठिकाणीच होतील असे जाहीर केले.